विंडो या शब्दात खरंच वारा आहे का? जाणकारांनी सांगा

अमळनेरची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न भाषेचा आहे, इथं कोणीतरी नक्की सांगेल म्हणून टाकतेय. मुलगी सहावीत आहे, सेमीला. दिवाळीच्या सुट्टीत सासरी गेलो होतो, पारोळ्याजवळ खेडं आहे, तिथं सासूबाईंचं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर अजून उभं आहे, मातीच्या हात-दीड हात जाड भिंती आणि खिडक्या म्हणाल तर एवढ्याशा. पोरगी खाटेवर पडून इंग्रजीची स्पेलिंगं पाठ करत होती, विंडो शब्द आला तशी एकदम उठून बसली आणि म्हणे आई हे बघ, पहिली चार अक्षरं विंडची आहेत, विंड म्हणजे वारा, मग खिडकीत वारा लपलाय का आणि मागचं ओ-डब्ल्यू कशाचं? मला काही सांगता येईना. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या, त्या मान वर न करताच म्हणाल्या, "खिडकी वारासाठेच ठेवतस ना बेटा."

त्यांचं उत्तर मला पटलं पण ओ-डब्ल्यूचं काय ते राहिलंच. सुट्टीनंतर तिने वर्गात विचारलं तर तिला सांगितलं गेलं की शब्द फोडत बसू नको, पाठ कर. ती हिरमुसून घरी आली, आणि मला खरं सांगते फार वाईट वाटलं, कारण पोर स्वतःहून काहीतरी शोधतंय आणि आपण दार लावून घेतोय. त्यात ह्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला की विंडो हा संस्कृत 'वातद्वार'चा अपभ्रंश आहे, इंग्रजांनी आपल्याकडून नेला. हे खरं आहे का? मला तिला चुकीचं सांगायचं नाहीये, खरं काय असेल ते नीट समजावून सांगा, थोडं लांब झालं तरी चालेल, मी वाचीन.

रावेर_केळीबाग

ताई मला वाटतं विंड आणि डोअर मिळून विंडो झाला असणार, वाऱ्याचं दार. डोअरचा शेवटचा र बोलताना पडला असेल. कॉलेजात असताना असंच कुणाकडून तरी ऐकलं होतं. पण माझी खात्री नाही, जाणकारांची वाट बघतो.

धुळे_ते_पुणे

ताई, तुमच्या मुलीने अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. विंडोतला विंड म्हणजे वाराच. आणि मागचं ओ-डब्ल्यू म्हणजे दार नाही, डोळा आहे. वाऱ्याचा डोळा. रावेरवाल्या भाऊंचा अंदाज चुकीचा असला तरी रस्ता तोच आहे, दोन शब्दांचा जोड आहे हे त्यांनी ओळखलं.

आता सविस्तर सांगतो, मी एमएला भाषाशास्त्र घेतलं होतं आणि हा शब्द माझा फार लाडका आहे. विंडो हा मुळात इंग्रजांचा शब्दच नाही. तो नॉर्स भाषेतला, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडून जहाजांतून आलेल्या लोकांच्या, ज्यांना आपण व्हायकिंग म्हणतो त्यांच्या भाषेतला. ७९३ साली त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लिंडिस्फार्न बेटावरचा मठ लुटला, तिथून पुढे नुसती लूटमार राहिली नाही, हे लोक इंग्लंडच्या पूर्वेला आणि उत्तरेला शेतीवाडी करून राहिले, तिथल्या पोरींशी लग्नं झाली, आणि दोन भाषा एकाच घरात बोलल्या जायला लागल्या. त्यामुळे इंग्रजीत त्यांचे जे शब्द आले ते दरबारातले नाहीत, रोजच्या घरातले आहेत. एग, नाइफ, स्काय, हजबंड, हे सगळे त्यांचेच. त्यांच्या भाषेत खिडकीला म्हणायचे विंदाउगा. विंद-र म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा.

हा विंदाउगा इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेला दिसायला लागतो, तेव्हा त्याचं रूप साधारण 'विंदोघे' असं आहे, म्हणजे मधला ग अजून जिवंत आहे, पण घासून मऊ झालाय. पुढे तो ग विरघळून त्याचा व झाला. ही काही एकट्या विंडोची गंमत नाही, इंग्रजीत हे सर्रास झालंय. धनुष्याला जुन्या इंग्रजीत 'बोगा' म्हणायचे त्याचा झाला बो, कायद्याचा 'लगू' झाला लॉ, आणि या दोन्हींच्या शेवटी आज डब्ल्यूच बसलाय. म्हणजे तुमच्या मुलीला सांगा की तो डब्ल्यू म्हणजे मरून गेलेल्या ग ची खूण आहे.

आपल्याकडे असं होत नाही असं समजू नका. देऊळ शब्द घ्या. देव आणि कुल, म्हणजे देवाचं घर, देवकुल. त्यातला क पडला आणि देऊळ उरलं. कुंभकारचा कुंभार, लोहकारचा लोहार. आज देऊळ म्हणताना कुणाला त्यात दोन शब्द दिसतात? तसंच इंग्रजाला विंडोत डोळा दिसत नाही. बाहेरून शिकणाऱ्या पोराला मात्र अर्धा जोड दिसला, कारण ती अक्षर-अक्षर लावून वाचत होती.

फैजपूर_सुतारकाम

सगळं वाचलं, भारी वाटलं. माझा धंदा चौकटी-दरवाज्यांचा, वडिलांपासून. भाषेतलं मला सांगता येणार नाही पण खिडकीला डोळा का म्हणत असतील ते सांगू शकतो कारण जुनी धाब्याची घरं मी खूप उतरवलीत. त्यात आजच्यासारखी खिडकी नसायचीच. भिंत एवढी जाड की बाहेरून बघितलं तर भिंतीत नुसतं एक भोक दिसायचं, आतून मात्र ते पसरट होत गेलेलं, म्हणजे उजेड फाकावा म्हणून. त्याला गज नाही, काच नाही, पल्ला नाही. संध्याकाळी आत कंदील लावला की गल्लीतून ते भोक थेट डोळ्यासारखं दिसायचं, ते लहानपणी बघितलेलं मला अजून आठवतं. आणि चुलीच्या वरती धाब्यात एक भोक ठेवायचे धूर जायला, पावसाळ्यात त्यावर मडकं पालथं घालायचं, पाऊस उघडला की बाया पोराला वर चढवायच्या मडकं काढायला. ते काम माझ्याकडे होतं. भोकातून खाली बघितलं की चुलीचा जाळ आणि आजीचं डोकं दिसायचं.

तर त्या लोकांकडे पण काच नसणारच ना तेव्हा? आणि एक विचारायचंय, आम्ही काचेच्या भागाला तावदान म्हणतो, तो शब्द कुठला?

धुळे_ते_पुणे

भाऊ तुम्ही जे लिहिलंय ते कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं समजावलंय. हो, त्यांच्या साध्या घरांत काच नव्हतीच. लांबच लांब घर, मधोमध जमिनीवर आगटी पेटलेली, आणि वर छपराला धूर जायला आणि उजेड यायला भोक. त्याला 'ल्योरी' असा वेगळा शब्द पण होता त्यांच्यात. कधी उजेडाच्या भोकावर जनावराचा पातळ पापुद्रा ताणून बसवायचे. थंडी अशी की भोक मोठं ठेवून चालत नाही. म्हणून वारा येणारी ती लहानशी जागा, डोळ्याएवढी. आपल्याकडे भोक लहान ठेवायचं कारण उन्हाची झळ, त्यांच्याकडे कारण बर्फाचा वारा, घराचा डोळा मात्र दोन्हीकडे बारीकच राहिला.

आणि तावदान! हा फारसी शब्द आहे, ताबदान. हाही जोडशब्दच. ताब म्हणजे उजेड, झळाळी, उष्णता. दान म्हणजे ठेवायची जागा, अत्तरदाणीतली दाणी तीच. उजेडाची जागा ते तावदान. आता गंमत बघा, फारसीतला ताब आणि संस्कृतातला ताप हे सख्खे भाऊ, एकाच जुन्या मुळातून आलेले. आणि आपली तापी पण त्याच ताप मधली. म्हणजे फैजपूरला तुम्ही खिडकीला तावदान बसवता तेव्हा त्यात तापीच्या नावातलाच शब्द बसवता.

अमळनेरची_आई

बाप रे, तापी आणि तावदान! हे मी आज पोरीला सांगणार. पण मग तो फॉरवर्ड? वातद्वार? संस्कृतचा काहीच संबंध नाही का? मला तर वाटत होतं की विंड आणि वात ऐकायला पण थोडं सारखं आहे.

चाळीसगाव_निवृत्त_शिक्षक

ताई, मी ३१ वर्षं संस्कृत शिकवलं, म्हणून थोडं लिहितो. 'वातद्वार' हे असं कुणीतरी मागाहून जुळवलेलं दिसतं. पण त्यासाठी काही खोटं जुळवायची गरजच नाही, कारण संस्कृतात खिडकीला जे खरे शब्द आहेत ते त्याहून कितीतरी सुंदर आहेत. अमरकोशात दोन शब्द शेजारी शेजारी ठेवलेत, 'वातायनं गवाक्षः'. वातायन म्हणजे वात अधिक अयन, वाऱ्याची वाट. आणि गवाक्ष म्हणजे गो अधिक अक्ष, गाईचा किंवा बैलाचा डोळा. आता बघा, विंडो म्हणजे वारा आणि डोळा. अमरसिंहाने त्यातला वारा एका शब्दात दिला, डोळा दुसऱ्या शब्दात, आणि दोन्ही एका ओळीत.

बैलाचा डोळा का, तर गोलसर, मोठा आणि वर पापणीसारखी कमान. पोळ्याला बैलाला सजवताना त्याच्या डोळ्याकडे जवळून बघितलंय ज्याने, त्याला हे सांगायला लागत नाही. काही जुने टीकाकार 'गो'चा अर्थ किरण घेतात, म्हणजे किरणांचा डोळा, तोही अर्थ बसतो, पण माझं मत बैलाकडेच झुकतं. कारण फ्रेंच लोकही भिंतीतल्या गोल खिडकीला 'बैलाचा डोळा'च म्हणतात, आणि त्यांनी तो काही आपल्याकडून घेतलेला नाही. ज्याच्या दारात गुरं आहेत त्याला गोल भोक बघून हेच सुचणार.

गवाक्ष बघायचं असेल तर आपल्याला लांब जायला नको. चाळीसगावहून पितळखोरा आहे, आणि जळगावहून अजिंठा. अजिंठ्याच्या १९ आणि २६ नंबरच्या लेण्यांसमोर उभे राहा, दर्शनी भिंतीवर घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान आहे ना, तीच. आतल्या स्तूपावर जो उजेड पडतो तो त्या एका डोळ्यातून. तिच्या आजूबाजूला छोटी छोटी गवाक्षं नुसती नक्षी म्हणून कोरलीत, त्यातून वारा-उजेड काही येत नाही. फैजपूरच्या भाऊंनी मुद्दाम बघावीत, कारण ती कमान मुळात लाकडाची आहे, दगडात लाकडी कामाची नक्कल केलीय, वासे सुद्धा दगडात कोरलेत. कुणातरी सुताराचं काम बघूनच त्या पाथरवटाने छिन्नी लावली असणार.

शिरपूर_एक्सप्रेस

भाऊ, सर, भलती भारी माहिती दिन्ही. आम्हीन आहिराणीमा डोयाले डोया म्हनतस, तठे पन ळ ना य व्हयना, जसा त्यास्ना ग ना व व्हयना. बरोबर से का?

धुळे_ते_पुणे

बरोबर से भाऊ, एकदम बरोबर. डोळा-डोया, काळा-काया, केळी-केयी. आवाज बदलतो तो मनाला येईल तसा नाही, शिस्तीत बदलतो, एका शब्दात बदलला की तसल्या सगळ्या शब्दांत बदलतो. भाषांचं नातं शोधायची किल्लीच ही आहे. म्हणून नुसतं 'ऐकायला सारखं' यावर विसंबायचं नाही, सारखेपणात शिस्त आहे का ते बघायचं.

ताईंच्या प्रश्नाकडे येतो. इंग्रजी ही संस्कृतची मुलगी नाही, आणि संस्कृतशी तिचा काही संबंध नाही असंही नाही. त्या बहिणी आहेत, लांबच्या. दोघींची आई एक जुनी भाषा, जी कुणी लिहून ठेवली नाही, पण पोरींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा जुळवता येतो. १७८६ साली कलकत्त्याला विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने एशियाटिक सोसायटीत हे मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य इतकं आहे की तो योगायोग असू शकत नाही, त्या एकाच उगमातून आल्या असणार. तेव्हा तो संस्कृत शिकत होता, आणि शिकता शिकता त्याला हे दिसलं. म्हणजे तुमच्या मुलीसारखंच.

आता विंडोचे दोन्ही तुकडे या नात्यात ठेवून बघा. विंड, लॅटिन वेंटुस, संस्कृत वात, तिन्हीच्या मुळाशी एकच 'वा' म्हणजे वाहणे, फुंकणे. वायू त्यातलाच. स्पॅनिशमध्ये तर खिडकीला 'वेंताना' म्हणतात, त्यांनी पण स्वतंत्रपणे वाऱ्यावरूनच नाव ठेवलं. दुसरा तुकडा डोळा, नॉर्स आउगा, इंग्रजी आय, लॅटिन ओकुलुस, संस्कृत अक्षि. हेही एकाच मुळाचे. गंमत म्हणजे इंग्रजीत डोळा दोनदा आलाय, एकदा आपला स्वतःचा आय म्हणून आणि एकदा व्हायकिंगांकडून घेतलेला, विंडोच्या शेपटीत. विंडोच्या आधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता एआग-थ्युर्ल, म्हणजे डोळा-भोक, तो मागे पडला. पण त्यातला थ्युर्ल अजून एका शब्दात जिवंत आहे, नॉस्ट्रिल, नाकपुडी. नाकाचं भोक. फैजपूरच्या भाऊंनी 'भोक' हाच शब्द वापरला होता, तेव्हा मला तेच आठवलं.

आणि सरांच्या गवाक्षाचं तर विचारू नका. गो आणि इंग्रजी काऊ एकाच मुळाचे, अक्ष आणि आय एकाच मुळाचे. म्हणजे गवाक्षाचा प्रत्येक तुकडा इंग्रजीत त्याच्या बहिणीने बदलला तर होतो काऊ-आय. आणि विंडोचा प्रत्येक तुकडा संस्कृतात बदलला तर होतो वाताक्ष. असा शब्द खिडकीसाठी कुणी वापरला नाही, पण नातं सांगायला चालेल. त्या फॉरवर्डवाल्याचं म्हणून मला वाईट वाटतं. खरं नातं इतकं जवळ होतं आणि त्याने खोटं दार बसवलं.

एक इशारा पण देतो, कारण मुलगी आता प्रत्येक शब्द फोडणार. डेझी नावाचं फूल आहे, तो पण डोळाच, डे'ज आय, दिवसाचा डोळा, सकाळी उघडतं आणि रात्री मिटतं म्हणून. तिथं तिला वाटेल की डे आणि आपला दिवस एकच. वाटणारच, द पण आहे, अर्थ पण तोच. पण नाही! दिवसचं मूळ 'दिव्', चमकणं, लॅटिनचा दिएस त्याचाच. डेचं मूळ बहुतेक अभ्यासक 'जळणं' या अर्थाच्या धातूकडे नेतात, संस्कृतातला दह्, दाह, आणि उन्हाळ्याला जो निदाघ शब्द आहे तो, हे त्याच्या नात्यातले. म्हणजे इंग्रजाचा दिवस 'चमकणारा' नाही, 'तापणारा' आहे. भुसावळचा मे महिना काढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागणार नाही. पण मुद्दा असा की सारखे दिसतात ते नात्यातले असतीलच असं नाही, आणि विंडो-वाताक्षसारखे वेगळे दिसतात ते सख्खे निघतात.

चाळीसगाव_निवृत्त_शिक्षक

'वा' धातूवरून एक राहिलं ते लिहितो. निर्वाण हा शब्दही त्याच 'वा'चा आहे. निर् आणि वा, दिवा फुंकर लागून विझतो तसं विझणं, शांत होणं. अजिंठ्याच्या २६ नंबरमध्ये आत शिरलात की डाव्या भिंतीला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे, जवळजवळ सात मीटर लांब, कुशीवर निजलेले, खाली शिष्य रडताहेत. वर दर्शनी भागात वाऱ्याचा-उजेडाचा डोळा, आणि आत हा वारा शांत झालेला. मी दरवर्षी मुलांना घेऊन जायचो आणि तिथं दोन मिनिटं कुणालाही बोलू द्यायचो नाही. मग बाहेर येऊन फळ्याशिवाय हा धातू शिकवायचो. चार-पाच वर्षांनी मुलं भेटली की बाकी व्याकरण विसरलेली असायची, हे लक्षात असायचं.

ताई, मुलीला घेऊन जा एकदा. तिला आधी काही सांगू नका, तिला खिडकी बघू द्या.

अमळनेरची_आई

सर, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हे सगळं तिला वाचून दाखवलं, ती मध्ये मध्ये थांबवून वहीत लिहीत होती, देऊळ लिहिलं, तावदान लिहिलं, नॉस्ट्रिल लिहून नाकपुडीला हात लावून बघितला. मग तिने गावी आजीला फोन लावला आणि म्हणाली आजी, व्हायकिंग लोक खिडकीला वाऱ्याचा डोळा म्हणायचे, तू आहिराणीत म्हणून दाखव. सासूबाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "वाराना डोया." आणि मग स्वतःच म्हणाल्या की चुलीवरच्या भोकाला त्यांची आजी असंच काहीतरी म्हणायची का ते आठवून सांगते. अजून फोन आलेला नाही, आला की इथं लिहीन.

अजिंठ्याचं ठरवतोय, ह्यांना सोमवारी सुट्टी असते तेव्हा. अमळनेरहून आधी जळगाव आणि तिथून एसटी, बरोबर ना?

फैजपूर_सुतारकाम

ताई सोमवारी नका जाऊ, सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी पहाटे निघा. जळगावहून फर्दापूरकडे जाणारी एसटी घ्या. मी पण येतो म्हणतोय एखाद्या रविवारी, ते दगडातले वासे बघायचेत मला, जोड कसे दाखवलेत ते.